संतीची आण

गेल्या वैशाखात माझी नात पुण्याची परीक्षा आटोपून धाराशिवास आली, तेव्हा तिच्या कपड्यांच्या बॅगेपेक्षा पुस्तकांची पिशवी अधिक जड होती. आणि ती पिशवी रिक्षातून मीच उतरवून घेतलेली असल्यामुळे तिच्यात काय भरले आहे हे विचारण्याचा हक्क मला आपसूक प्राप्त झाला, अशी मी आपली समजूत करून घेतली. निघाल्या त्या अकरा इंग्रजी कादंबऱ्या: जाडजूड, मऊ पुठ्ठ्याच्या, फिक्या गुलाबी आणि आकाशी वेष्टनांतल्या, मुखपृष्ठावर कुठे फुलांचा गुच्छ तर कुठे पाठमोरी उभी असलेली दोन माणसे. "आबा, ह्या काही तुमच्या वाचायच्या नाहीत," असे ती म्हणाली. ज्याने चौतीस वर्षे तहसिलीच्या दप्तरखान्यात बसून केवळ दुसऱ्यांचे कागद वाचले, त्या माणसाला असे बजावणे म्हणजे दुधाचे पातेले कुठे झाकून ठेवले आहे ते मांजराला दाखवून देणे होय. दुपारची जेवणे उरकून घर निजले की मी शब्दकोश घेऊन ओसरीवर बसे, आणि मृगाचा पहिला पाऊस पडेपर्यंत अकरांपैकी सात कादंबऱ्या मी तडीस नेल्या.

माझे इंग्रजी सरकारी परिपत्रकांवर पोसलेले आहे, तेव्हा माझ्या मताला समीक्षेचे वजन कोणी देऊ नये. परंतु वाचकाला मत असण्याची मुभा असते, आणि ते मी प्रथम उरकून घेतो. नायिका हुशार, पण स्वतःविषयी साशंक. नायक श्रीमंत किंवा निदान देखणा, आणि बालपणी कोणीतरी दुखावलेला. दोघांच्या मध्ये एक गैरसमज, जो दोन वाक्यांत मिटला असता तो दोनशे पृष्ठे टिकतो. सातांपैकी पाच कादंबऱ्यांत पहिल्या चुंबनाच्या वेळी पाऊस पडला. आमच्या जिल्ह्यात इतका भरवशाचा पाऊस असता तर टँकरची बिले तपासण्यात माझी निम्मी नोकरी गेली नसती. असे असूनही, एवढी हेटाळणी करून झाल्यावरही, रात्री पुस्तक मिटताना पुढे काय होणार ह्याची हुरहूर मला लागे, ही गोष्ट लपवून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल.

जमिनीची जशी जिरायत-बागायत अशी प्रतवारी असते, तशी ह्या ग्रंथांचीही त्यांच्या देशात आहे. बारा ते अठरा वर्षांच्या वाचकांसाठी जे लिहिले जाते ते 'यंग अडल्ट'. आणि अठरा ओलांडून घर सुटलेल्या, पण संसारात न पडलेल्या, विशीतल्या मुलामुलींसाठी जे, ते 'न्यू अडल्ट'. हे दुसरे नाव न्यूयॉर्कच्या सेंट मार्टिन्स प्रेस ह्या प्रकाशनसंस्थेने २००९ साली लेखकांकडून हस्तलिखिते मागवताना चलनात आणले. पुस्तक विकण्यासाठी काढलेले नाव म्हणून मी त्याची थट्टा करणार होतो. पण मग ध्यानात आले की आमच्याकडे त्या वयाला नावच नाही. आमच्या भाषेत मूल असते आणि मग एकदम 'लग्नाचे वय' येते. मधल्या अवस्थेची जाण असलीच तर ती कुंभाराला. तो ओले मडके चाकावरून उतरवून लगेच आव्यात घालत नाही. आधी सावलीत सुकू देतो, कारण एकदम ऊन लागले तर ते तडकते, आणि ओलेच भाजले तर फुटते. सावलीतले ते दिवस मडक्याच्या हिशेबात कोणी धरत नाही, पण मडके टिकते ते त्या दिवसांवर.

ह्या पुस्तकांवर आमच्या पिढीचा पहिला आक्षेप शृंगाराचा असतो, आणि तो मला सर्वांत कमी वजनाचा वाटतो. रतीला स्थायिभाव आणि शृंगाराला रस ठरवणारे भरताचे शास्त्र आपले. धर्माला विरोधी नसलेला काम तो मीच, असे भगवंताच्या मुखातून वदवणारी गीता आपली. आणि हाल सातवाहनाच्या नावे चालत आलेला सातशे प्राकृत गाथांचा जो संग्रह महाराष्ट्राचे पहिले काव्यधन म्हणून आपण मिरवतो, त्यातील मोठा भाग खेड्यातल्या तरुण स्त्रीपुरुषांच्या चोरट्या भेटीगाठींचा आहे. त्याच सातवाहन काळात आमच्या जिल्ह्यातले तेर हे 'तगर' ह्या नावाने भरभराटीचे नगर होते. पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर, असा त्याचा उल्लेख 'पेरिप्लस' ह्या ग्रीक प्रवासवृत्तात आहे. तेरच्या उत्खननातली हस्तिदंताची एक सालंकृत स्त्रीप्रतिमा इटलीतल्या पाँपेईच्या राखेखाली सापडलेल्या प्रतिमेची बहीण शोभावी अशी आहे. ज्या भूमीने सौंदर्य समुद्रापार धाडले, तिने चुंबनाच्या वर्णनाने दचकावे हे मला तरी चमत्कारिक वाटते.

शिवाय आमचे हात तरी कुठे स्वच्छ होते? शाळेच्या शेवटच्या वर्षात मी ना. सी. फडक्यांची 'दौलत' भूगोलाच्या पुस्तकात ठेवून वाचली, आणि वडिलांच्या हाती सापडलो. वडील निजामी अमदानीत तहसिलीत अहलकार होते. फारसी-उर्दूवर त्यांचा पिंड पोसलेला. त्यांनी मारले नाही. 'रंभा'च्या १९६२ च्या दिवाळी अंकातल्या 'श्यामा' ह्या कथेवरून चंद्रकांत काकोडकरांवर अश्लीलतेचा खटला चालला होता, त्याची चर्चा तेव्हा वाचनालयात हलक्या आवाजात होत असे. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने काकोडकरांना दोषमुक्त केले, आणि तसे करताना, प्रौढांना काय अन् किशोरांना काय, प्रेमाने भरलेले वाङ्मय सर्वत्र उपलब्धच आहे ह्या वस्तुस्थितीची दखल घेतली. वडिलांनी तो निकाल वर्तमानपत्रात वाचून एवढेच म्हटले की, सुफी लोक मानवी प्रेमाला 'मजाजी' आणि ईश्वरी प्रेमाला 'हकिकी' म्हणतात, आणि पहिला पूल ओलांडल्याशिवाय दुसरा किनारा नाही असे त्यांच्यातले पुष्कळजण मानतात. मात्र पुलावर घर बांधायचे नसते. ख्वाजा शमसुद्दीनांच्या दर्ग्याच्या उरुसाला ते दरवर्षी जात. तिथेच ऐकले असावे.

माझा आक्षेप आहे तो निराळा, आणि तो मला एका पानावर सापडला.

ती चौथी कादंबरी होती. नायिका नायकाशी भांडून खोलीबाहेर निघाली आहे, आणि तो तिचे मनगट धरून तिला मागे ओढतो. ती नको म्हणते, तो पकड घट्ट करतो, आणि तिच्या डोळ्यांत रोखून पाहत, तू माझी आहेस, अशी द्वाही फिरवतो. त्यावर नायिकेचे गुडघे लटपटतात आणि लेखिका प्रकरण संपवते. नातीला आवडलेली वाक्ये ती गुलाबी शाईने रंगवते, आणि त्या पुस्तकात अशी पाने पुष्कळ होती. ह्या पानावर मात्र गुलाबी काही नव्हते. समासात पेन्सिलीने, बारीक अक्षरात, दोनच शब्द होते: "विचारलं का?"

मी महसूल खात्यातला माणूस आहे, आणि 'माझे' ह्या शब्दाशी माझा जन्माचा व्यवहार. मालकी वेगळी, ताबा वेगळा, वहिवाट वेगळी. वर्षानुवर्षे कसणाऱ्याच्या नावावर जमीन नसते आणि नावावर असणाऱ्याने ती कधी पाहिलेली नसते, ह्यापायी भाऊबंदकी कशी रक्तापर्यंत जाते हे मी दप्तरात वाचले आहे. म्हणूनच साध्या फेरफाराला देखील कायद्याने बंधन घातले: तलाठ्याने नोंद धरली तरी हितसंबंधितांना नोटीस गेली पाहिजे, हरकतीला पंधरा दिवसांची मुदत दिली पाहिजे, आणि हरकत आली तर ती ऐकल्याखेरीज नोंद मंजूर होता कामा नये. पाच गुंठे जिरायतीला जेवढी ही बूज आहे, तेवढी ह्या कादंबऱ्यांतल्या कित्येक नायिकांच्या मनगटाला नाही. नायक एकाच वाक्यात नोंद घेतो आणि ती मंजूरही करून टाकतो. आणि लेखिकेच्या लेखणीतून नायिकेची हरकत ही जणू संमतीचाच एक लाजरा प्रकार म्हणून उतरते.

पण इथे माझ्या मनाने मला थांबवले. ही सर्वस्व वाहून टाकण्याची भाषा, तू ठेवशील तशी राहीन ही भाषा, ह्या अमेरिकन बायांनी कुठून आणली ते ठाऊक नाही; मला ती ओळखीची वाटली, कारण आमच्या घरात ती रोज सायंकाळी हरिपाठानंतर ऐकू येते. भक्तीतल्या समर्पणात आणि नायिकेच्या त्या लटपटत्या गुडघ्यांत अंतर कोणते? देवापुढे जे पुण्य, तेच माणसापुढे दास्य का? धर्माच्या विद्वानांकडे ह्याचे उत्तर असेल. माझ्यासारख्याला ते गोष्टींतूनच शोधावे लागते, आणि आमच्या जिल्ह्यात गोष्टींना तोटा नाही.

एक तर कादंबरीच आहे. १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांकडे आलेल्या नळदुर्ग भागाचा कारभार फिलिप मेडोज टेलर ह्या अधिकाऱ्याकडे आला. तो किल्ल्यात राहत असे, आणि पाणीमहालाच्या बंधाऱ्यावरून पावसाळ्यात बोरी नदी नर आणि मादी अशा दोन धबधब्यांनी कोसळते ती पाहत असे. 'ठगाची जबानी' १८३९ सालीच लिहून तो विलायतेत गाजलेला होता. १८६३ मध्ये त्याने 'तारा' प्रसिद्ध केली. तिची नायिका तुळजापूरच्या शास्त्र्याची मुलगी, बालविधवा, जिला भवानीचा संचार होतो आणि जी देवीची मुरळी होऊन राहते. (मुरळी खंडोबाची, तुळजापुरास आराधी. साहेबाच्या ध्यानात तो भेद राहिला नसावा.) पुढे अफजलखानाची स्वारी येते, आणि त्या सगळ्या धामधुमीत खानाचा मुलगा फाजल हा तिचा रक्षणकर्ता आणि प्रियकर होतो. इतिहासाच्या बाजूने त्या पुस्तकावर बोलण्यासारखे पुष्कळ आहे. ते सोडून देतो. मला जे खटकले ते असे की, ताराला देवी निवडते, बाप तिला देवीस वाहतो, एक दुष्ट कारभारी तिचा अभिलाष धरतो, एक सुष्ट तरुण तिला सोडवतो. पाच-सहाशे पानांत तिच्यावर हक्क सांगणारे इतके, आणि तिला विचारणारा मात्र कोणी नाही. 'विचारलं का?' हे दोन शब्द त्या पुस्तकाच्या प्रत्येक प्रकरणाच्या समासात पेन्सिलीने लिहिता येतील. त्या मानाने नातीच्या अकरा पुस्तकांतल्या दोन तरी अशा होत्या, की ज्यांत मुलगा अर्ध्यावर थांबतो, विचारतो, मुलगी 'आज नाही' म्हणते, आणि गोष्ट तिथे संपत नाही. पुढच्या प्रकरणात ती दोघे पोटभर जेवतात. वाङ्मय म्हणून त्या दोन्ही सामान्य होत्या. टेलर फार चांगला लेखक होता.

दुसरी गोष्ट तेरची. आषाढीच्या आधी पंधरा दिवस मी नातीला घेऊन गोरोबाकाकांच्या दर्शनास गेलो. तेरणेला पाणी नुकतेच आले होते, आणि देवळाच्या आवारात ओल्या मातीचा वास होता. महिपतीने १७६२ साली 'भक्तविजया'त सांगितलेली कथा तिला अर्धवटच ठाऊक होती, म्हणजे नामस्मरणात देहभान हरपलेल्या गोरोबांच्या पायाखाली चिखलात मूल तुडवले गेले, एवढीच. पुढची मी सांगितली. संती आक्रोश करीत आली आणि तिने नवऱ्याच्या भजनाला दूषणे दिली. ध्यान मोडल्यामुळे संतापून गोरोबा तिला मारावयास धावले. तेव्हा तिने विठोबाची आण घातली, की मला शिवाल तर खबरदार. गोरोबा जागच्या जागी थांबले, आणि त्या दिवसापासून त्यांनी तिला स्पर्श केला नाही. वंश खुंटेल म्हणून संतीनेच आपली धाकटी बहीण रामी त्यांना करून दिली. सासऱ्याने निरोप देताना, दोघींना सारखेच वागवा, अशी शपथ घातली, आणि गोरोबांनी सारखेच वागवले, म्हणजे रामीलाही शिवले नाहीत. एका रात्री दोघी बहिणींनी निजलेल्या गोरोबांचे हात आपल्या अंगावर घेतले. जाग येताच आण मोडल्याच्या पश्चात्तापाने त्यांनी स्वतःचे हात तोडून टाकले. आषाढीला पंढरपुरास नामदेवांचे कीर्तन चालू असता, टाळी वाजवायला उचललेल्या थोट्या बाहूंना हात फुटले, आणि मूल रांगत आले.

कथा संपल्यावर लोक हात जोडतात. नातीनेही जोडले, पण ती उठली नाही.

"आबा, तिने विठोबाची आण घातली म्हणून थांबले ना ते?"

"हो."

"आणि नुसतं 'मला शिवू नका' म्हणाली असती, तर?"

जन्मभर ही कथा मी गोरोबांच्या निष्ठेची कथा म्हणून ऐकत आलो आहे. तिच्यात एका घाबरलेल्या, पोर गमावलेल्या बाईचा नकार बसला आहे, आणि तो नकार टिकावा म्हणून तिला त्याच्यावर देवाची मोहोर उठवावी लागली आहे, हे माझ्या नजरेस कधी आले नव्हते. पतीने मान राखला तो संतीच्या शब्दाचा की विठोबाच्या नावाचा? नावाचा म्हणावे, तर पुढे संतीचे मन पालटल्यावरही तो का हटला नाही त्याचा उलगडा होतो: जो शब्द तिने उच्चारला, त्याच्यावरचा तिचा हक्क त्याच क्षणी संपला होता, आणि कागद देवाच्या दप्तरी दाखल झाला होता. शब्दाचा म्हणावे, तर पहिला नकार ऐकणाऱ्याने नंतरचे आर्जव ऐकायला हवे होते.

तरी पण मी गोरोबांची बाजू सोडली नाही, आणि ती केवळ जिल्ह्याच्या अभिमानापोटी नव्हे. मी नातीला म्हटले, की आण कोणाची होती तेही पाहिले पाहिजे. तुळजापूरच्या भवानीचे आठही हात कामात गुंतलेले. तिची आण म्हणजे शस्त्राचा धाक. पंढरीचा देव मात्र हात कमरेवर ठेवून उभा आहे; भक्ताला तो ओढत नाही, धरत नाही. पुंडलीक आईबापांची सेवा करीत होता, देव दारात आला, आणि पुंडलिकाने वीट भिरकावून त्याला थांबावयास सांगितले. तो थांबला, आणि अजून थांबलेला आहे. ज्याला माणसाने 'थांब' म्हटले आणि जो थांबला, त्या देवाची आण संतीने घातली होती. मारायला धावलेल्या पुरुषाला त्याच्याच दैवताची ओळख तिने करून दिली. समर्पण करायचे तर ते अशाच्या पायी शोभते, की ज्याचे हात कमरेवर आहेत. मनगट धरणाऱ्याच्या पायी केले तर तो जमिनीचा व्यवहार झाला. माझ्या डोक्यात एवढे सगळे होते; तोंडावाटे निम्मेच निघाले, आणि तेही अडखळत, कारण शेजारी दर्शनाची रांग सरकत होती.

तिने ते शांतपणे ऐकून घेतले. जानेवारी २०२० मध्ये धाराशिवास ९३ वे साहित्य संमेलन भरले तेव्हा ती शाळकरी होती, आणि अध्यक्षस्थानी एक ख्रिस्ती धर्मगुरू कसे, असे मला विचारीत मांडवात फिरली होती. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी बायबल मराठीत आणले आणि त्या ग्रंथात 'गीतरत्न' नावाचे एक अख्खे प्रेमकाव्य आहे, ज्यात तरुणीच आधी बोलते आणि देवाचे नाव जवळजवळ येतच नाही, असे मी तिला तेव्हा सांगितले होते. ते तिला आठवत होते. "म्हणजे तिथं तिला आण घालावी लागत नाही," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, पायरीवरून उठता उठता: "आणि रामीला? तिला कुणी विचारलं?"

मी गप्प राहिलो. दाराशी फुले-बुक्का घेऊन बसलेली एक म्हातारी आमचे बोलणे मघापासून ऐकत असावी; पानाचा विडा गालात सरकवून, माझ्याकडे न पाहता ती नातीला म्हणाली, "त्ये रामीलाच ठावं, बाई. म्या बी दुसरेपणावरच दिल्याली हाय." आणि लगेच टोपलीतली पुडी पुढे करून, "बुक्का घेता न्हवं? धा रुपये."